क्रॉस-कंपाइल करताना कंपायलर फायली कुठून उचलतो? पाय झिरोवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'

संत्राबाग | रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी झाडांना ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, आणि ताण पुरेसा झाला की नाही हे बाबा पानं आणि माती पाहून ठरवतात. त्यांच्या अंदाजाच्या जोडीला यंदा आकडेही असावेत म्हणून मी बागेत चार ठिकाणी ओल मोजणारे सेन्सर पुरले. सेन्सरचा सिग्नल त्याचा आकडा करणाऱ्या एमसीपी३००८ चिपमधून रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू या छोट्या कॉम्प्युटरकडे (पुढे नुसतं 'पाय') जातो. तिथे सीमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी आकडा वाचून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकणार आहे.

पाय बागेतल्या खांबावर आहे, सोलरच्या लहान बॅटरीवर. त्यात एकच कोअर आणि ५१२ एमबी रॅम. एसक्यूलाइटचा सगळा कोड एकाच फाइलमध्ये येतो, दोन लाखांहून जास्त ओळी. पायवर तो कंपाइल करायला घेतला तर बॅटरी उतरते, प्रोग्रॅम काही तयार होत नाही. म्हणून घरच्या लॅपटॉपवर कंपाइल करून तयार प्रोग्रॅम पायवर न्यायचं ठरवलं, यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात.

लॅपटॉपवर डेबियन ११ आहे, पायवर त्याच पिढीचं ३२ बिटचं रास्पबेरी पाय ओएस. एप्टमधून आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-जीसीसी हा आर्म प्रोसेसरसाठी कोड काढणारा कंपायलर घेतला. साधा 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅम तयार केला, पायवर नेला, तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. शोधल्यावर कळलं की पाय झिरोचा प्रोसेसर आर्मव्ही६ या जुन्या पिढीचा आहे आणि डेबियनचा कंपायलर पुढची आर्मव्ही७ पिढी धरून चालतो. मग -मार्च=आर्मव्ही६ दिलं. त्यावर कंपायलर 'सॉरी, अनइम्प्लिमेंटेड: थम्ब-१ हार्ड-फ्लोट' म्हणून थांबला. -मार्म जोडल्यावर ते गेलं आणि प्रोग्रॅम तयार झाला. पायवर पुन्हा तेच, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'.

माझा कोड व्ही६चा झाला असेल तर व्ही७ येतंय कुठून? तीन रात्री याच्यात गेल्या. शेताची थ्री फेज रात्रीची असते, पाणी पाहायला जागावंच लागतं, म्हणून एवढं तरी करता आलं.

(कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग घ्या.)

---

लिंकरवाला | रात्री ११:५२

संत्राबाग भाऊ, प्रश्न चांगला मांडलात. आणखी फ्लॅग (-मार्चसारखे पर्याय) बदलू नका. आधी दोन गोष्टी तपासून इथे टाका.

१. -सी देऊन फक्त ऑब्जेक्ट फाइल (जोडणी होण्याआधीचा तुकडा) बनवा आणि तिच्यावर रीडएल्फ -ए ही फाइलच्या आतली माहिती दाखवणारी कमांड चालवा. 'टॅग_सीपीयू_आर्क' समोर काय येतं?
२. हेच पूर्ण तयार झालेल्या प्रोग्रॅमवर चालवा.

---

संत्राबाग | रात्री १२:१४

ऑब्जेक्ट फाइलमध्ये व्ही६. तयार प्रोग्रॅममध्ये व्ही७.

---

लिंकरवाला | रात्री १२:५५

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. तुमचा कोड बरोबर आहे, पण लिंक होताना, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनताना, त्याच्या सोबत बाहेरच्या फायली आत आल्या आणि त्या व्ही७च्या आहेत. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की पुढचे बरेच प्रश्न पडतच नाहीत.

जीसीसी नावाची जी कमांड आपण देतो ती स्वतः कंपाइल करत नाही. ती जिनिंगमधल्या मुकादमासारखी आहे. काम करणारे वेगळे असतात: सीसी१ हा खरा कंपायलर, एएस हा असेंब्लर, आणि शेवटी कलेक्ट२ मार्फत एलडी हा लिंकर. मुकादमाला दोन प्रकारचे शोध घ्यावे लागतात. आधी ही माणसं कुठे बसली आहेत ते शोधायचं, मग त्यांच्यापुढे कोणता माल टाकायचा तो.

माणसांचा शोध असा होतो. तुम्ही -बी देऊन फोल्डर सांगितलं असेल तर पहिल्यांदा तिथे. मग जीसीसी_एक्झेक_प्रिफिक्स आणि कंपायलर_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग कंपायलर बांधताना त्याच्या आत कोरलेल्या जागा, ज्यांत टार्गेटचं नाव आणि आवृत्तीचा आकडा दोन्ही असतात. या जागा मुकादम स्वतः जिथे ठेवलाय तिथून मोजल्या जातात. म्हणूनच झिपमध्ये मिळालेला टूलचेन (कंपायलर, असेंब्लर, लिंकर यांचा संच) होम फोल्डरमध्ये सोडला काय किंवा पेनड्राइव्हवर, तो चालतो. मात्र त्यातली एकटी जीसीसीची फाइल उचलून दुसरीकडे कॉपी केली की तो आंधळा होतो.

कुठेच सापडलं नाही तर तो शेवटी पाथमध्ये जे 'एएस' मिळेल ते घेतो, म्हणजे तुमच्या लॅपटॉपचाच असेंब्लर. त्याला आर्मची भाषा कुठून येणार! 'अननोन स्यूडो-ऑप: .सिंटॅक्स' अशा शेकडो ओळी पडद्यावर दिसल्या की कोड उघडू नका, -प्रिंट-प्रॉग-नेम=एएस विचारा. उत्तरात पूर्ण पत्ता आला तर त्याला त्याचा माणूस सापडला आहे. नुसतं 'एएस' आलं तर सापडलेला नाही.

तुमची अडचण मालाची आहे. साध्या 'नमस्कार'मध्येसुद्धा तुमच्या एका ऑब्जेक्ट फाइलसोबत लिंकर किमान एवढं घेतो: सीआरटी१.ओ, सीआरटीआय.ओ, सीआरटीबिगिन.ओ, लिबजीसीसी, लिबसी, सीआरटीएंड.ओ, सीआरटीएन.ओ. मेन चालू होण्याच्या आधी जे चालतं ते यांच्यातच असतं. तुमचा प्रोग्रॅम तिथेच पडतो आहे, मेनपर्यंत पोचतच नाही.

आता हे विचारा आणि उत्तर टाका:

-प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी१.ओ
-प्रिंट-फाइल-नेम=सीआरटीबिगिन.ओ
-प्रिंट-लिबजीसीसी-फाइल-नेम
-प्रिंट-सिसरूट

---

पऱ्हाटी | सकाळी ७:०५

मी यवतमाळ जिल्ह्यातून, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधेच विचारते, राग मानू नका. आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ एवढं लांब नाव कायले ठेवतात? अन् 'होस्ट' म्हणजे माझा लॅपटॉप की पाय?

---

लिंकरवाला | सकाळी ८:३०

पऱ्हाटी ताई, राग कसला. याच शब्दावर बहुतेकांचा पाय घसरतो.

ते नाव म्हणजे पत्ता आहे. प्रोसेसर, बनवणारा, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एबीआय (तयार कोडचे तुकडे एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम). बनवणारा बहुतेक वेळा गाळतात. शेवटचं एचएफ म्हणजे हार्ड फ्लोट, दशांशाची गणितं प्रोसेसरच्या वेगळ्या रजिस्टरमधून जाणार. मायक्रोकंट्रोलरसाठी आर्म-नन-ईएबीआय असतं, त्यातला 'नन' सांगतो की खाली ऑपरेटिंग सिस्टिमच नाही.

'होस्ट' म्हणजे तयार होणारा प्रोग्रॅम जिथे चालणार ते मशीन. तो जिथे तयार होतो ते 'बिल्ड'. संत्राबाग भाऊंच्या प्रोग्रॅमसाठी लॅपटॉप बिल्ड आहे आणि पाय होस्ट. 'टार्गेट'चा प्रश्न तुम्ही कंपायलरच बांधत असाल तेव्हा येतो: तो कंपायलर कोणासाठी कोड काढणार? तिन्ही मशीन वेगळी असली की त्याला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, म्हणून.

आणि या धाग्याचं मूळ नावातच आहे. डेबियनमध्ये या नावाचा अर्थ किमान आर्मव्ही७. पहिला रास्पबेरी पाय २०१२ साली आला तो आर्मव्ही६ प्रोसेसर घेऊन, त्याच्यावर डेबियनची ही आवृत्ती चालत नव्हती. म्हणून रास्पबियनवाल्यांनी डेबियनची पॅकेजं व्ही६साठी पुन्हा कंपाइल केली, पण नाव तेच ठेवलं. नाव एक, अर्थ दोन. कंपायलर नाव पाहून फायली उचलतो, त्याला हा फरक दिसत नाही.

---

तेंदूपान | सकाळी ९:१०

गोंदियाकडून राम राम. माझा अनुभव वेगळा, पण याच घरातला. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलेल्या जुन्या राउटरसाठी प्रोग्रॅम केला. फाइल समोर दिसते, चालवायची परवानगी आहे, तरी 'नॉट फाउंड'. डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी रीडएल्फ -एल लावलं. प्रोग्रॅमच्या आत लिहिलेला लोडर, म्हणजे प्रोग्रॅम चालू करून देणारा, ग्लिबसी या सी लायब्ररीचा होता आणि राउटरवर मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे. 'सापडलं नाही' हे त्या लोडरबद्दल होतं, माझ्या फाइलबद्दल नाही. त्या राउटरचा एसडीके (त्याच्यासाठीचा तयार टूलचेन) घेऊन पुन्हा केलं तेव्हा चाललं. त्या एसडीकेचा कंपायलर स्टेजिंग_डर हे व्हेरिएबल नसलं की इशारा देतो, ते आधी सेट करा.

---

संत्राबाग | दुपारी १:४०

लिंकरवाला दादा, उत्तरं आली.

सीआरटी१.ओ: यूएसआरमधल्या लिब/जीसीसी-क्रॉस/आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ/१० पासून चार पायऱ्या वर चढून यूएसआर/आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ/लिब मध्ये.
सीआरटीबिगिन.ओ आणि लिबजीसीसी: त्याच जीसीसी-क्रॉसच्या १० मध्ये.
सिसरूट: नुसती तिरपी रेघ.

तिन्ही फायलींवर रीडएल्फ -ए चालवलं, तिन्ही व्ही७. म्हणजे -मार्च=आर्मव्ही६ माझ्या ओळींपुरतं होतं, या आधीच तयार असलेल्या फायलींना त्याचा काही संबंध नाही. एवढी साधी गोष्ट मला तीन रात्री दिसली नाही.

मग पायचं एसडी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि त्यातलं लिब, यूएसआर/लिब आणि यूएसआर/इन्क्लूड एका फोल्डरमध्ये कॉपी केलं. नेटचा एक एमबीही गेला नाही. तो फोल्डर --सिसरूट= म्हणून दिला, तरी सीआरटी१.ओ जुन्याच जागेवरून येतो आहे! सिसरूट दिल्यावर सगळं तिथूनच यायला पाहिजे ना?

---

लिंकरवाला | दुपारी २:२५

नाही, आणि हीच गोष्ट बहुतेक ट्यूटोरियल सांगत नाहीत.

सिसरूट म्हणजे कंपायलरला सांगणं की 'हे फोल्डर पायची मूळ डिरेक्टरी समज'. त्यामुळे यूएसआर/इन्क्लूड आणि यूएसआर/लिब अशा सिस्टिमच्या जागांच्या आधी तो रस्ता लागतो. कंपायलरच्या स्वतःच्या दोन जागा मात्र त्यात येत नाहीत. सीआरटीबिगिन आणि लिबजीसीसी हे जीसीसीसोबतच तयार होतात, त्याच्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये राहतात आणि त्याच्यासोबतच फिरतात. दुसरी जागा टार्गेटच्या नावाचं फोल्डर. डेबियनने ग्लिबसीची व्ही७ प्रत नेमकी तिथे ठेवली आहे, आणि ती सिसरूटच्या आधी पाहिली जाते.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, व्ही६साठी पूर्ण टूलचेन स्वतः बांधायचा. क्रॉसटूल-एनजी ते करून देतं. त्यात जीसीसी बांधतानाच --विथ-आर्च=आर्मव्ही६, --विथ-एफपीयू=व्हीएफपी, --विथ-फ्लोट=हार्ड कोरलं जातं, म्हणजे लिबजीसीसीही व्ही६चीच निघते. सगळ्यात स्वच्छ वाट हीच. पण सोर्स डाउनलोड करायला नेट लागेल आणि लॅपटॉप तासन् तास चालू ठेवावा लागेल. भारनियमनात हे सोपं नाही, मला कल्पना आहे.

दुसरी, -बी देऊन पायच्या कार्डवरचं जीसीसीचं १० नावाचं फोल्डर सगळ्यात पुढे आणायचं. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. -बी फक्त मालासाठी नसतं, माणसांसाठीही असतं. त्या फोल्डरमध्ये पायचा सीसी१ पण असतो. मुकादम तोच उचलतो, तो आर्मचा असल्याने लॅपटॉपवर चालत नाही, आणि 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतो. हे करायचंच असेल तर त्यातल्या फक्त .ओ आणि .ए फायली वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.

तिसरी वाट क्लँग या दुसऱ्या कंपायलरची. तुमच्या जागी मी ती धरली असती. क्लँगची एकच फाइल आर्म, एमआयपीएस, एक्स८६ अशा अनेक प्रोसेसरचा कोड काढते, --टार्गेट= ने सांगायचं. त्याच्याकडे स्वतःचा सीआरटीबिगिन नसतो, म्हणून लिनक्सवर तो जवळपास बसवलेली जीसीसी शोधतो आणि तिचा माल वापरतो. सिसरूट दिलं की हा शोध सिसरूटच्या आत होतो. तुमच्या कॉपी केलेल्या यूएसआर/लिबमध्ये पायची जीसीसी आहेच, आणि तिचा सगळा माल व्ही६चा. क्लँग तिच्यातला सीसी१ चालवायच्या भानगडीत पडत नाही, फक्त फायली घेतो.

द्यायचं एवढंच: --टार्गेट=आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ, -एमसीपीयू=आर्म११७६जेझेडएफ-एस, --सिसरूट=तुमचं फोल्डर, -एफयूज-एलडी=एलएलडी (एलएलडी हा क्लँगच्याच घरातला लिंकर). सोबत -व्ही लावा, 'सिलेक्टेड जीसीसी इन्स्टॉलेशन' या ओळीत तुमच्या फोल्डरचा पत्ता दिसला पाहिजे. एमसीपीयू विसरू नका.

---

वर्धाकाठ | दुपारी ३:५०

एसडी कार्डवरून कॉपी केलंय म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्यात काही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) पूर्ण पत्त्याच्या असतात. उदाहरणार्थ लिबडीएल.सो ही लिंक थेट मुळातल्या लिब फोल्डरकडे बोट दाखवते. पायवर ते बरोबर होतं. लॅपटॉपवर तेच बोट लॅपटॉपच्या लिबकडे जातं. तिथे ती फाइल नसते, किंवा असली तर दुसऱ्याच प्रोसेसरची असते. एकदा बसून अशा सगळ्या लिंक सापेक्ष करून घ्या. फाइंडने तिरप्या रेघेपासून सुरू होणाऱ्या लिंक काढायच्या आणि सिसरूटच्या आतला पत्ता द्यायचा, पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

लिबसी.सो मात्र हाताने बदलू नका. ती लायब्ररी नाहीच, साधी मजकुराची फाइल आहे, कॅट करून पाहा. आत 'ग्रुप' लिहून लिबसी.सो.६ चा पूर्ण पत्ता दिलेला असतो. जुन्या लेखांत तो पत्ता खोडायला सांगतात. गरज नसते. ती स्क्रिप्ट सिसरूटच्या आत असेल तर लिंकर त्या पत्त्यांना सिसरूट स्वतःच लावतो. ती सिसरूटबाहेर ठेवून -एल ने दाखवली तरच घोटाळा होतो.

---

पऱ्हाटी | संध्याकाळी ६:१५

संत्राबाग दादाचं वाचून मी पण माझ्या लॅपटॉपवर करून पाह्यलं. माझ्याकडे उबुंटू २२.०४ आहे अन् कॉलेजमधला पाय ३ आहे, म्हणजे व्ही७चा त्रास नाही. तरी 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' आलं. त्या पायवर बुलसाय (डेबियन ११ च्या पिढीचं ओएस) आहे. मी तर फक्त प्रिंटएफ वापरलं, त्याले २.३४ काऊन पाहिजे?

---

लिंकरवाला | संध्याकाळी ७:००

ताई, प्रिंटएफमुळे नाही. २०२१ च्या ग्लिबसी २.३४ मध्ये पीथ्रेड लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लिबसी_स्टार्ट_मेन या फंक्शनला आवृत्तीचा नवा शिक्का लागला. ते फंक्शन प्रत्येक प्रोग्रॅमला लागतं. तुमच्या उबुंटूवर ग्लिबसी २.३५ आहे, बुलसायवर २.३१. लिंक करताना २.३५ समोर होती म्हणून नवा शिक्का बसला. इथेही मूळ तेच, लिबसी चुकीच्या ठिकाणाहून आली. पायचं सिसरूट घ्या आणि संत्राबाग भाऊंसारखं क्लँगने करा. तुमच्या पायसाठी एमसीपीयू वेगळा राहील, कॉर्टेक्स-ए५३.

---

वर्धाकाठ | संध्याकाळी ७:३५

मोठे प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी आणखी एक. कंपायलर बरोबर जागी पाहत असला तरी त्याला पत्ते पुरवणारे चुकीचे पत्ते देऊ शकतात.

लायब्ररी कुठे आहे ते सांगणारा पीकेजी-कॉन्फिग हा त्यातला पहिला. पीकेजी_कॉन्फिग_पाथ दिलं तर तुमची जागा यादीत पुढे येते, पण लॅपटॉपच्या जागा मागे राहतातच. पायवर नसलेली लायब्ररी मग लॅपटॉपची सापडते आणि चूक दोन तासांनी लिंक करताना कळते. त्याऐवजी पीकेजी_कॉन्फिग_लिबडर द्या, त्याने मूळ यादीच बदलते. सोबत पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डर.

सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर त्यात टूलचेनची वेगळी फाइल लिहा. त्यात सीमेक_सिस्टिम_नेम, कंपायलर, सीमेक_सिसरूट, आणि शोधाचे तीन नियम: प्रोग्रॅमसाठी 'नेव्हर', लायब्ररीसाठी 'ओन्ली', हेडरसाठी 'ओन्ली'. प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवायचे असतात, म्हणून ते सिसरूटमध्ये शोधायचे नाहीत. लायब्ररी आणि हेडर मात्र फक्त तिथेच. फोल्डरमध्ये आधीची कॅश पडली असेल तर ती पुसून मग चालवा, नाहीतर जुनेच पत्ते धरून बसतो.

---

सातपुडा | रात्री ८:१०

वाचनखूण साठवली. मेळघाटातल्या आमच्या शाळेतल्या पायसाठी हेच लागणार आहे.

---

संत्राबाग | रात्री १०:४५

झालं मंडळी!

क्लँग आणि एलएलडी एप्टमधून घेतले. सिमलिंक वर्धाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे स्क्रिप्टने सरळ केल्या, ४१ निघाल्या. पहिल्या वेळी 'सिलेक्टेड जीसीसी इन्स्टॉलेशन' ही ओळच आली नाही आणि सीआरटीबिगिन सापडला नाही. पाहिलं तर कॉपी करताना यूएसआर/लिबमधलं जीसीसीचं फोल्डर मोठं आहे म्हणून मीच वगळलं होतं. ते परत आणल्यावर ओळ आली.

मग -डब्ल्यूएल,--ट्रेस लावून लिंकरने उघडलेल्या सगळ्या फायलींची यादी काढली. लॅपटॉपची एकही नाही, प्रत्येक पत्ता सिसरूटपासून सुरू होतो. सीआरटी१, सीआरटीबिगिन आणि लिबजीसीसीवर रीडएल्फ -ए चालवलं: तिन्ही व्ही६. आधी 'नमस्कार' चालवला, छापला गेला. मग एसक्यूलाइटसकट पूर्ण प्रोग्रॅम लॅपटॉपवर दोन मिनिटांच्या आत तयार झाला.

संध्याकाळी खांबावरच्या पायवर चढवला. नऊ वाजेपर्यंत चारही सेन्सरचे आकडे टेबलमध्ये पडत होते. विहिरीकडच्या ओळीत ओल अजून टिकून आहे, चढावरची माती मात्र बरीच कोरडी. बाबा टॉर्च घेऊन दोन्हीकडे गेले, हाताने माती उकरून आले आणि म्हणाले बरोबर आहे. लिंकरवाला दादा, वर्धाकाठ, तुमच्यामुळे झालं.

शेवटचा प्रश्न. पुढच्या महिन्यात काकांच्या बागेत दुसरा पाय झिरो बसवतोय. त्यासाठी हेच सिसरूट चालेल ना?

---

लिंकरवाला | रात्री ११:१५

अभिनंदन भाऊ. दोन्हीवर बुलसायच असेल तर हेच चालेल. काकांच्या पायवर नवीन ओएस टाकलं तरी या सिसरूटवर केलेला प्रोग्रॅम तिथे चालायला हवा, कारण नवी ग्लिबसी जुने शिक्के ओळखते. उलटं मात्र करू नका: नव्या कार्डचं सिसरूट घेऊन बांधलेला प्रोग्रॅम तुमच्या जुन्या पायवर नेला तर पऱ्हाटी ताईंची तीच २.३४ ची ओळ दिसेल. फोल्डरच्या नावातच ओएसचं नाव आणि कॉपी केल्याची तारीख लिहून ठेवा.